चुकायच्या आधी

बँकेची शाखा बंद झाली तेव्हा मी त्रेचाळीसची होते,
शिक्के मारण्याखेरीज हाताला काही येत नव्हतं.
झेफेरीनु म्हणाला, ये, कुऱ्हाड धर.
बुचाच्या झाडाची पहिली दोन सोलणं जाडीभरडी निघतात,
तिसरं कुठे बाटलीच्या तोंडाला बसतं,
तोवर तेही त्रेचाळीसचं झालेलं असतं.

मे संपत आलेला. आलेंतेजूच्या माळावर
सकाळी सातलाच उन्हाला धार.
चौदा पुरुष, सात शिड्या, एक ट्रॅक्टर,
आणि मी, नव्या कोऱ्या बुटांत.

काम सांगायला सोपं:
साल कापायची, झाड नाही.
पातं रुतलं की मनगट जरासं पिळायचं आणि ऐकायचं.
पोकळ आवाज आला तर साल सुटतेय.
कोरडा आला तर मुकाट्याने पुढच्या झाडाकडे.

मी ऐकायचे. तरी पहिल्या आठवड्यात
अकरा झाडं दुखावली.
आतल्या कोवळ्या कातडीवर आडवी रेघ,
थोड्या वेळाने तिथे ओल यायची.

झेफेरीनु ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं,
ओरडणाऱ्यांशी कसं वागायचं ते बँकेत शिकवलं होतं.
त्याने खिशातून एक वही काढली,
नातवाची, अर्ध्या पानांवर भागाकार.
“कुठे चुकलीस ते झाडावर दिसतंय.
चुकायच्या आधी काय करत होतीस
ते लिही.”

त्यात लिहायचं काय, मला ठाऊकच होतं:
दमते. ऊन. वय. बाईचे खांदे.
कोणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.

*सोमवार. सव्वासात. ताजीतवानी. आदेरितु म्हणाला,
हात बसला हं तुझा. पुढचाच घाव खोल.*

*बुधवार. माणसाच्या उंचीची साल अखंड निघाली.
शिडीवरच्यांनी वळून पाहिलं. पुढचाच घाव.*

*शुक्रवार. दुपार. हात थरथरत होते,
डोळ्यांत घाम. एकही चूक नाही.*

*शनिवार. कोणी काही म्हणालं नाही.
मीच मनात म्हणाले, वा. पुढचाच घाव.*

त्या रात्री वही बराच वेळ मांडीवर होती.
आठवलं, बढतीचं पत्र आलं त्या दुपारी
मी एका म्हातारीच्या खात्यात
दुसऱ्याच कोणाचे पैसे भरले होते
आणि दोष छपाईयंत्राला दिला होता.
यंत्र बिचारं बदललंसुद्धा.

म्हणजे मी थकव्याने नाही, शाबासकीने घसरते.
इतकी साधी गोष्ट.
आरशाने सांगितली नाही, नवऱ्याने नाही,
दरवर्षी भरून घेतलेल्या त्या मूल्यमापनाच्या अर्जाने तर नाहीच.
सांगितली एका आडव्या रेघेने.

स्वभाव बदलला असं म्हणणार नाही.
फक्त आता साल छान निघाली
की कुऱ्हाड खाली ठेवते,
पाण्याचा घोट तोंडात धरून दहा मोजते
आणि मगच गिळते.
पोरं हसतात: लुदोविनाची प्रार्थना सुरू झाली.
हसू देत. तेवढ्यात आतली टाळी विरते,
कानाला पुन्हा झाड ऐकू येतं.

ऑगस्टमध्ये सोललेल्या खोडांवर पांढऱ्या रंगात
वर्षाचा शेवटचा आकडा घालत फिरलो.
पहिल्या आठवड्यातल्या एका झाडाशी थांबले.
खोड पिवळ्याचं तांबूस झालेलं,
रेघेच्या कडा ओठांसारख्या फुगलेल्या.
मिटेल ती. पण नऊ वर्षांनी तिथली साल सरळ निघणार नाही,
हे मी बोट फिरवून स्वतःला सांगितलं,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर, एका भागाकाराखाली,
अकरा झाडांच्या खुणा लिहून ठेवल्या:
ओढ्याच्या अलीकडे, दगडी कुंपणाशी, जोडखोडाचं.
तेव्हा मी बावन्नची असेन.

झेफेरीनु मागे येऊन उभा राहिला.
शेवटच्या झाडाकडे बघत राहिला, खूप वेळ.
मग म्हणाला, “सुरेख.”

मी पाण्याची बाटली शोधू लागले.