फितीचं शून्य टोक

फितीचं शून्य टोक माझ्या हातात असायचं.
हलू नकोस, म्हणायचा आन्सेल्म,
पायरीला चिकटवून धर.
मी नऊ वर्षांचा.
श्वास रोखून अख्खं रोमन देऊळ मोजून दिलं त्याला,
रोजचे दहा फ्रँक,
वर त्याच्या डब्यातला एखादा सार्डीन.

दुपारी ऑलिव्हखाली बसून तो चित्र काढी.
पडलेली कमान तुटक रेघांनी
हवेत पुरी व्हायची.
जे नव्हतं ते त्याला लख्ख दिसे.
जे होतं त्याची अडचण व्हायची:
दोन खांबांमध्ये ताणलेली आईची दोरी,
नक्षीच्या दगडावर वाळत घातलेल्या मिरच्या,
आणि देवळाला पाठ टेकून बसलेलं आमचं घर,
पणजोबांनी तिथल्याच दगडांत रचलेलं,
उंबऱ्यावर कुणा मेलेल्याचं लॅटिन नाव,
उलटं.

एकदा त्याने घरही काढलं. दारातल्या कोंबडीसकट.
बराच वेळ बघत राहिला.
मग आईनेच दिलेल्या पावाचा गर मळला
आणि पुसलं.
चुरा कोंबडीने टिपला. खरीखुरी होती ती.

तो गेला. चारेक वर्षांनी ट्रक आले.
खाली सडकेलगत नवं गाव, सरळ गल्ल्या, नळ.
नळाबद्दल आईची तक्रार नव्हती.
फक्त दोरी बांधायला काही उंच नाही, म्हणायची.
वरचं घर पाडलं. दगड नंबर घालून रचून ठेवले.
आता देऊळ
हुबेहूब त्याच्या चित्रासारखं दिसतं.

परवा नात, रीम, मला ट्यूनिसला घेऊन गेली.
थंडगार दालन, भिंतभर आन्सेल्म.
पायरीपाशी मुंगीएवढा एक मुलगा,
उंची कळावी म्हणून.
तोंड काढलेलं नाही. हातातली फीत
कागदाच्या कडेपर्यंत जाते.

मी बाजूला सरलो,
खिडकीचा उजेड तिरपा पडेल असा.
शिसं गेलंय, पण पेन्सिल दाबून चालली होती;
कागदात खाच आहे.
छप्पर. दार. जरा डावीकडे दोरीचा झोळ.

कोंबडीसुद्धा आहे, म्हटलं रीमला.
कुठे, म्हणाली.
काचेवर बोट ठेवू देत नाहीत तिथे.
मी वाकलो अगदी जवळ,
आणि वाफ धरू नये म्हणून
श्वास रोखला.