परवानाधारक क्रमांक सत्तेचाळीस

नाना कोरेगावच्या पोस्टात, तिसऱ्या खिडकीवर.
मनीऑर्डर, रजिस्टर, आणि दुपारी तीननंतर
रेडिओ-टीव्हीचे परवाने.
रेडिओचे पंधरा, टीव्हीचे पन्नास, वर्षाला.
खाकी पुस्तकात आखलेले चौकोन,
चौकोनात तिकीट, तिकिटावर गोल शिक्का.
"पुसट शिक्का म्हणजे खोटी साक्ष," म्हणायचे.

गावात तेव्हा अकरा अँटेना,
सगळ्यांची तोंडं सिंहगडाकडे,
दावणीची गुरं वैरणीकडे बघतात तशी.
वारा सुटला की कासम शिकलगार छपरावर
आणि खालून आख्खी आळी:
आलं! गेलं! जरा डावीकडं घे!
आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांतून वर आलेली
बातम्या सांगणारी, अर्ध्या चेहऱ्याची बाई.

रविवारी नाना जरंडेश्वराच्या अर्ध्या वाटेवर बसून
वहीत अँटेना मोजत.
अँटेना अकरा, परवाने आठ.
सोमवारी तिघांच्या दारात चहा प्यायले,
टीव्हीचं नावही काढलं नाही.
ओसवालांकडे सेटवर गोधडी,
गोधडीवर झोपवलेलं तान्हं मूल.
नानांनी त्याच्या गालाला बोट लावलं,
"खालून उकडत असेल हो बाळाला."
मंगळवारी तिघांचे मिळून दीडशे जमा.

आमच्याकडे सेट आला, हप्त्यावर, लाकडी दारांचा,
तो चार दिवस मिटलेलाच.
आपण आपल्यालाच परवाना द्यायचा कसा?
पाचव्या दिवशी घोरपडेबाईंना खुर्चीवर बसवून
नाना बाहेरून फिरून आले,
रांगेत तिसरे उभे राहिले,
जाळीतून पन्नासची नोट सरकवली.
बाईंनी नाव विचारलं.
त्यांनी पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

त्या रात्रीपासून पत्रं सुरू.
"स. न. वि. वि. मी परवानाधारक क्रमांक सत्तेचाळीस.
काल सात वाजून बारा मिनिटांनी चित्र वर पळू लागले,
ते झोपेपर्यंत पळत होते.
शेतीच्या कार्यक्रमातली ज्वारी आमच्याकडची नव्हे.
वसना नदीचा उच्चार चुकला."
आणि उत्तर यायचं!
छापील, तीन ओळींचं, पण सही शाईची.
आई म्हणायची, पन्नास रुपयांत माणसानं बोलावं तरी किती?
नाना म्हणायचे, अगं, ते पैसे बघायचे नाहीतच,
बोलायचेच आहेत.

मग एका वर्षी परिपत्रक: परवाने बंद.
पेढे कुणी वाटले नाहीत, पण ओसवाल हसले.
खिडकीवरची पाटी नानांनीच उतरवली,
खिळ्यांची भोकं पोस्टाच्या खळीनं बुजवली.
अजिंक्यताऱ्यावर मनोरा उभा राहिला.
मुंग्या गेल्या, बाईला पूर्ण चेहरा आला,
आणि तिच्या आधी साबण, तिच्यानंतर साबण,
मध्ये दंतमंजन.
नानांनी लिहिलं, "मी माजी परवानाधारक..."
उत्तर नाही.
पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा जबाबी कार्ड जोडून.
"पैसं साबणवाला देतो," कासम म्हणाला,
"उत्तर पण त्यालाच जात आसंल."
नाना बराच वेळ गप्प. मग,
"सरकारही देतं, कासम. म्हणजे आपणच देतो.
फक्त कुठल्या खिडकीत, ते दिसत नाही."

मनोऱ्यावरचं यंत्रही बंद झालं, म्हणतात.
मी मोबाईलवरून चार ठिकाणी पैसे भरते, न बघता,
आणि नदीचं नाव कुणी चुकवलं तर
चॅनेल बदलते.

परवा ट्रंकेत ते खाकी पुस्तक सापडलं.
एक चौकोन भरलेला, बाकी कोरे.
शिक्का घोरपडेबाईंच्या हातचा, पुसट.
शेजारी नानांनी पेन्सिलीनं
तारीख लिहून ठेवलीय.
खाली सही.