कंसातलं

स्क्रीनवर तो भाग निर्दोष आहे.
वजन नाही, तेलाचा वास नाही,
माझ्या बोटाखाली फिरतो
काचेच्या भांड्यातल्या माशासारखा,
आणि मला त्याला विचारायचं असतं एवढंच:
तुला धरू कुठे?

बिल्बाओहून ओइएरनं पाठवलाय.
पंपाचं घर, ॲल्युमिनियम, सहा नग, शुक्रवारपर्यंत.
आतल्या खिशाचे चारही कोपरे त्यानं
काटकोनात काढलेत, कागदाच्या घडीसारखे टोकदार.
मी फोन करते. ओइएर, कटर गोल असतो.
पलीकडे शांतता.
गोल फिरणारं काहीही
कोपऱ्यात पुरतं शिरत नाही रे,
थोडा कोपरा उरतोच त्याच्या पुढ्यात.
तीन मिलिमीटरची गोलाई दे मला.
तो म्हणतो, स्क्रीनवर तर बसतंय.

स्क्रीनवर सगळंच बसतं.

आधी शून्य ठरवायचं.
शून्य कुठेही ठेवता येतं,
डाव्या कडेला, भोकाच्या मध्यावर, अगदी हवेतसुद्धा.
पण खाली मशीनपाशी उभ्या माणसाला
ते बोट लावून दाखवता आलं पाहिजे.
मग वाटा आखायच्या. पहिली अधाशी,
जाड्या कटरनं ओरबाडत जाणारी,
तरी भिंतींपाशी हात राखून:
तीन दशांश, शेवटच्या घासासाठी.

मग सॉफ्टवेअर ओकतं नऊ हजार ओळी.
एक्स, वाय, झेड. एक्स, वाय, झेड.
भाषा म्हणावी तर हिच्यात नुसता आज्ञार्थ.
जा. इथे जा. आता धावत जा.
‘बहुतेक’साठी कोड नाही.

तीन नंबरची मशीन जुनी.
तिथे आकड्यामागचं टिंब विसरलं
तर पन्नास मिलिमीटरचे पन्नास मायक्रॉन होतात.
वर उचल पन्नास, म्हणायचं होतं मला.
ती केसभर उचलली गेली
आणि आडवी धावत सुटली.
वायसच्या जबड्यावर नखाएवढा खड्डा आहे, तो माझा.
एल्गोइबारमधला माझा पहिला हिवाळा.
कुणी ओरडलं नाही.
बिशेन्तेनं फडक्यानं तेल पुसलं, म्हणाला,
चला, तिला कळलं तू आलीस.

आज ह्याच पंपाचा थोरला भाऊ सापडला,
एकोणीसशे शहाण्णवची फाइल,
बिशेन्तेनं एकेक ओळ बोटांनी टाइप केलेली,
सगळ्या मिळून एकशे चाळीस.
कंसातलं मशीन वाचत नाही.
कंस दिसला की ती ओलांडून पुढे जाते.
तिथे, दोन आकड्यांच्या मध्ये, त्याच्या बास्कमध्ये:

(कोपरा. हळू. इथे ओरडते.)

आणखी खाली:

(सोमवारी गार असते. दहा मिनिटं नुसती फिरव.)

आणि एकशे बाराव्या ओळीनंतर, कशाचाच संबंध नसताना:

(मुलगी झाली. ३.४००)

टिंब विसरला नाहीये.

बिशेन्ते आता देबाच्या काठावर
बाकावर बसतो दुपारी. दोन्ही कानांत यंत्रं.
चाळीस वर्षं कानोसा घेऊन घेऊन
कानच झिजले, असं तो सांगतो, मोठ्यानं,
सगळ्या नदीला ऐकू जाईल असं.
मागच्या रविवारी मी विचारलं,
ओरडते म्हणजे कशी?
त्यानं तोंड उघडलं, आवाज काढून दाखवला.
बदकं उडाली.

सिम्युलेशन हिरवं आहे. टक्कर नाही, चूक नाही.
मी चारही कोपऱ्यांत वेग निम्मा करते.
सॉफ्टवेअर पिवळी पाटी दाखवतं:
बावीस सेकंद वाया.
ठीक आहे. बावीस.
कंस उघडते, त्याचेच शब्द लिहिते, कंस बंद.

खाली रात्रपाळीला इबाई, वय एकवीस.
दार सरकवतो, पहिला नग लावतो,
बोट थांबव-बटणावर, टेकलेलं नाही, नुसतं वर धरलेलं.
मी जिन्यात उभी.
कीस उडतोय, दुधी पाणी काचेवर आपटतंय,
आता लांबची भिंत, आता कोपरा.

ओरडली नाही.
खाकरली फक्त,
आणि वळली.