दोन्हीकडून

नवी पेठेतला इक्बाल नदाफ बोट ठेवून दाखवून गेला होता:
इथं विचारेल, कुठून कुठं.
फोनवरून कॉम्प्युटरवर,
कॉम्प्युटरवरून फोनवर,
की दोन्हीकडून.
मी दोन्हीकडून दाबलं.
शेठच म्हणाले होते, एकच कॅलेंडर पाहिजे,
हँबर्गच्या बाईचा फोन चुकला
की टॉवेलचा अख्खा कंटेनर चुकतो.

ऑफिसचा कॉम्प्युटर जुना.
त्यातलं मेल उघडेपर्यंत
खाली शेडमध्ये एक टॉवेल विणून होतो.
हिरवी पट्टी सरकत राहिली. तीनशे बारापैकी चाळीस.
चहा आला. तीनशे बारापैकी एकशे सहा.
खाली माग चालूच, खट्याक खट्याक,
धोटा इकडून जायचा, तिकडून यायचा,
त्याला कुणी विचारत नव्हतं, कुठून कुठं.

आणि मग शेठच्या पडद्यावर
माझं घर उतरलं.
मंगळवार, पाणी. रविवार, पाणी.
दर पाचव्या दिवशी निळ्या रंगात पाणी,
जीएसटीच्या खाली, सुताच्या गाठींच्या वर.
अक्काच्या विड्यांची मजुरी.
मल्लेशमचा दात.
'मावशीशी भांडू नको', दर अमावास्येला,
ही मीच मला करून दिलेली आठवण.
सगळं दोन-दोनदा.
मल्लेशमला दोन दात, मला दोन मावश्या.
आणि वर साडेपाच तास पुढं ढकललेलं:
पहाटे चारचं पाणी साडेनऊला.

इक्बाल फोनवर हसायला लागला.
त्याला वाटलालंय तू लंडनला राहतीस,
सोलापूरची वेळ लाव की.
यादीत सोलापूर नव्हतं.
चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली,
चौघं एकाच ओळीत दाटीवाटीनं.
तीच ओळ निवडली.
पाणी परत चारला आलं.

मग एकेक जास्तीचं खोडत बसले.
एक मावशी काढली, एक दात काढला,
शुक्रवार चौदाची नोंद तर सगळ्यात आधी काढली.
हात थरथरत होता, म्हणून असेल,
तिचीही एकच प्रत गेली.
दुसरी तिथंच राहिली, लाल:
मुलाखत. हिंजवडी. दुपारी दोन.

मी बँकेतून आले तेव्हा गुंडेटी शेठ
चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याला नाक लावून बसले होते.
नऊ वर्षं झाली मला या खोलीत.
ते म्हणाले,
तुमच्याकडं पाचव्या दिवशी येतं होय पाणी?
आमच्याकडं चौथ्या.
एवढंच.
मग कंटेनरचं काहीतरी विचारलं.
मी सुताचं बिल केलं, तारीख गेल्या महिन्याची घातली.

रात्री विडी घरकुलात
भाकरी तव्यावर टाकली आणि फोन थरथरला.
पिठाच्या बोटानं उघडला.
शुक्रवार चौदा. माझ्याच नोंदीच्या पोटात,
एका बोटानं टाइप केलेलं,
शब्दांमध्ये जागा न सोडता, शेठच्या सवयीनं:
पाणीअक्कालाभरूदे.
हुतात्मासाडेसहालासुटते.
हँबर्गचाफोनमीघेतो.

परत कधी येणार, ते विचारलं नव्हतं.
परतीच्या गाडीची वेळही नव्हती.
भाकरी एका बाजूनं करपली.
अक्का आतून ओरडली, काय करलालीस गं?

मी सोमवार सतरा उघडला.
सकाळी अकरा ते साडेअकरा,
'शेठना जास्तीच्या नोंदी काढायला शिकवणं.'
थोडा वेळ बघत राहिले.
साडेअकराचं साडेबारा केलं.
दोन बाण एकमेकांच्या मागं
गोल फिरले, थांबले.
म्हणजे गेलं असेल अक्कलकोट रोडला,
अंधाऱ्या ऑफिसात, बंद पडद्याच्या मागं
सकाळची वाट बघत.

चारचा गजर लावून झोपले.
उद्या रविवार, पाणी.