शून्य तपासून

रात्री अकराला पाथर्डी फाट्यावर
शेवटचा भुर्जीवाला गाडी आवरायला घेतो
तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर
लोकांचे आनंद वाचत असते.

'कळवताना अत्यानंद होतो आहे की'
लग्नपत्रिकेत शोभावं असं वाक्य,
फक्त खाली 'कृपया आहेर आणू नये' नसतं.
आहेर हवाच असतो. मी देते.
आता नुसता 'अ' टाकला
की फोन आपणहून 'अभिनंदन' पुढे करतो.
आधी 'अ' टाकला की 'अगं' यायचं.

तेजल भामरे स्टुटगार्टला आहे.
डिप्लोमाला ती माझ्या शीटवर जीटी मारायची.
दोन स्टुलांवर काच, काचेखाली दिवा,
माझ्या रेषांवर तिचा कोरा कागद.
पहाटे तीनपर्यंत. हॉस्टेलभर डास.
आता रोज रात्री
खालून उजेड असलेल्या काचेवर
मी वाकलेली असते,
आणि रेषा तिच्या.

सुयोग कुलथे प्लॅन्ट हेड झाला.
फोटोतलं हेल्मेट नवंकोरं, एक ओरखडा नाही.
मी ओरखडे बघते. सवय आहे.
नऊ वर्षं अंबडला इन्स्पेक्शनला होते.
जूनमध्ये कंपनी चाकणला गेली,
आधी मशिनं, मग माणसं,
माणसांतली ज्यांना जाता आलं ती.
मला जाता आलं नाही.
कारण पोस्ट करण्यासारखं नाही.

जिन्यात निकम काकू विचारतात, आज सुट्टी का गं?
मी हो म्हणते.
ऑक्टोबर लागला, माझी सुट्टी चालूच.

सोमवारी मुसळगावला मुलाखत होती.
साहेबांनी टेबलावर एक बुश ठेवला,
शेजारी व्हर्निअर. माप सांगा.

केदा अण्णांनी पहिल्याच दिवशी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं:
आधी जबडे मिटव.
मधे काही नसताना तो काय दाखवतो ते बघ.
शून्य शून्यावर आलं, तर पुढचं बोलायचं.

मी जबडे मिटवले, खिडकीकडे धरले.
सर, हा दोन रेषा पुढे आहे.
ते म्हणाले, असू द्या, इथे सगळे यावरच मोजतात.
मी मोजलं. दोन रेषा वजा केल्या. आकडा सांगितला.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं,
चांगलं की वाईट, अक्षर उलटं होतं.
कळवतो, म्हणाले.

परत येताना मोहदरी घाटात रेंज गेली.
एसटीच्या खिडकीला काच नव्हती.
पुढच्या सीटवर एक बाई मेथीची जुडी मांडीवर सोडून
निवडत बसलेली, देठ पिशवीत, पानं ओच्यात.
तेवढी पाच-सहा मिनिटं
माझं वय फक्त एकतीस होतं.
कुणापेक्षा काही नाही,
नुसतं एकतीस.

मग शिंद्याच्या टोलनाक्याला रेंज आली
आणि खिशात सगळे एकदम थरथरले.

आज तेजलनं केक कापला. तिकडे तिला पाच वर्षं झाली.
एकशे चौदा जण खूश आहेत.
मी 'अ' टाकला. फोननं आहेर पुढे केला.
तो खोडून अक्षर अक्षर लिहिलं:
अगं, ती कपलिंगची शीट आठवते?
माझ्या सेक्शनची एक रेषा चुकली होती
आणि तू चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवलीस.
दोघींचे तीन-तीन मार्क गेले.
मला इथे काम नाही सध्या.
तू कशी आहेस?

पाठवलं. अजून एकच टिक आहे.
तिकडे साडेसात वाजले असतील, जेवत असेल.
किंवा नसेल.

फोन पालथा घातला.
खाली तापल्या तव्यावर पाणी पडलं, चर्र झालं,
मग खराट्याचा आवाज, मग तोही नाही.
अंधारात रेषा दिसत नाहीत.
शून्य कुठे आलंय
ते सकाळी खिडकीत धरून बघेन.