गुडघ्याला लावलेलं तेल

टोकोरोआत मे महिन्यात गवत पांढरं होतं.
रातपाळीवरून परतलो,
अंगाला पाइनच्या भुशाचा वास,
आणि दारापासून फाटकापर्यंत
माझ्या पोराची पावलं उमटलेली दिसली.
उजवं सरळ, फाटकाकडे.
डावं शेजाऱ्याच्या शेडकडे.

"नीट चाल रे," असं मी त्याला
फेब्रुवारीपासून बजावत होतो.

तेरा वर्षांचा मेतुआ.
दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची रेघ
सहा महिन्यांत तीन बोटं वर सरकलेली,
खांदे माझ्याएवढे, बूट माझेच.
गुडघा दुखतो, म्हणायचा.
कोच म्हणाला, वाढतं वय.
बहीण म्हणाली, वजन.
दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला,
गुडघा निर्दोष निघाला
आणि पोरगा खोटारडा ठरला.

तरी रोज रात्री मी तेल कोमट करायचो,
आईनं रारोटोंगाहून पाठवलेलं खोबरेल,
बाटलीत तिआरेची फुलं बुडालेली,
आणि त्याच गुडघ्याला चोळत बसायचो.
हाका मारणारा वरच्या मजल्यावर,
मी खालच्या दारावर थापा मारतोय.

शाळेची नर्स ताउकिरी, एवढीशी बाई, गार हातांची.
तिनं गुडघ्याला बोटही लावलं नाही.
त्याला उताणं निजवलं,
डावा पाय हळूच पोटाकडे दुमडत नेला.
पाय अर्ध्यावर आला
आणि आपला आपण बाहेर कलंडला,
कडी नसलेल्या दारासारखा.
आत वळवू गेली, तर वळेना.
मेतुआनं छताकडे बघत ओठ आवळले.

"कधीपासून?"
मी बोटांवर आठवडे मोजू लागलो.
बोटं संपली.

"आता एकही पाऊल टाकायचं नाही," ती म्हणाली,
"गाडीपर्यंतसुद्धा नाही."
चाकाची खुर्ची आली.
मित्र बघत होते. तो माझ्यावरच चिडला.

हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे उजेडावर धरला.
मांडीच्या हाडाचा गोळा,
वाढीच्या कोवळ्या थरावरून घसरलेला.
मी ओंडक्यांतला माणूस,
ओंडका घसरायच्या आधी करकरतो, हे मला झोपेतही कळतं.
हा मात्र आमच्याच जेवणाच्या टेबलाखाली
रोज केसभर सरकत होता.
नाही, आवाज होता.
गुडघ्यातून येत होता.

एक स्क्रू घातला.
तसले मी मिलमध्ये खिशात घेऊन फिरतो.
"दुसऱ्या खुब्यावरही नजर ठेवा," डॉक्टर म्हणाले,
"गुडघा, जांघ, मांडी, कुठेही दुखलं तरी."

आता मी माणसांच्या तोंडाआधी पाय बघतो.
परवा नेटबॉलच्या मैदानाबाहेर
विनीनाची धाकटी, अकराची,
कुंपण धरून लंगडत येत होती,
एक पाऊल रस्त्याकडे फाकलेलं.
"गुडघा मुरगळलाय," विनीना म्हणाली, "होईल बरा."
"गुडघा राहू दे. खुबा दाखव. आजच."
ती हसली.
मी गाडीची किल्ली काढली.