खळीची बादली

मुनव्वर,
तू त्या पार्टीचा, मी ह्या,
पण खळीची बादली एकच होती.
माझ्या बायकोनं शिजवलेली,
मैद्यात चिमूटभर मोरचूद,
उंदरांनी उमेदवार खाऊ नये म्हणून.

रात्री दोनला, सेलूच्या मोंढ्यात,
माझ्या पोस्टरसाठी शिडी तू धरायचास.
"सरळ लाव की बे," म्हणायचास,
"पडणारच हाय बिचारा,
निदान भिंतीवर तरी नीट उभा राहू दे."

पैजेचे पैसे
दोन्हीकडची पोरं तुझ्याच गल्ल्यात ठेवायची.
त्या वर्षी तू हरलास
आणि मोजून दिलेस,
सुट्ट्यासकट.

मग आपले दोघं साहेब
एकाच गाडीतून उतरले, एकाच रंगाचा गमछा घालून.
आपण मात्र दोन वर्षं बोललो नाही.
कशावरून, ते आता नीट सांगता येत नाही.
स्टेजवर कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं.
टाळ्या वाजल्या होत्या.
त्यातली एखादी माझी असंल.

तुझ्या मातीला आलो,
तर तुझ्या पोरानं जागा करून दिली,
काही विचारलं नाही.

आता चौकात तुझा बॅनर.
खाली साहेबांचे चेहरे, तुझ्याहून मोठे,
आणि वर नाव: मनव्वर.
उकार खाल्ला.

काल रात्री दोनला
शिडी घेऊन गेलो.
काळा रंग, बारीक ब्रश.
शिडी डुगडुगत होती.
खाली पाहिलं,
नुसतं कुत्रं.

दिला उकार.
वाकडा आलाय.